अर्ध्या तासातले सहा मिलिमीटर

माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. हे मला कुणी शिकवलं नाही, सव्वीस वर्षं लोकांची उंची मोजून कळलं. दिवसभर उभं राहून, बसून, दप्तर वाहून मणक्यांमधल्या मऊ चकत्या दबतात, आणि रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. आठ वर्षांच्या पोराचं सकाळ-संध्याकाळचं अंतर कधीकधी जवळजवळ एक सेंटिमीटर भरतं. पुस्तकांतही हे लिहिलेलं आहे, पण आमच्या पोषण संस्थेत पुस्तकं काचेच्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

माझं काम एवढंच. पोराला मापाच्या खांबाला पाठ लावून उभं करायचं, टाचा टेकवून घ्यायच्या, डोळा आणि कान एका रेषेत आणायचे, खोल श्वास घ्यायला लावायचा, डोक्यावर फळी टेकवायची आणि आकडा वाचायचा. ऐकायला सोपं वाटतं. दरवर्षी नवे पदवीधर येतात, पंधरा मिनिटांत शिकू म्हणतात आणि पहिल्याच आठवड्यात एखादी पोरगी अंबाड्यासकट मोजून मोकळे होतात. मी मिलिमीटरला पक्की आहे. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही, कारण त्या इमारतीत गर्व करावा असं दुसरं काही उरलेलं नाही.

आमच्या विभागप्रमुख डॉक्टरांना आम्ही पाठीमागे ‘निष्कर्ष’ म्हणतो. काम सुरू व्हायच्या आधीच तो त्यांच्याकडे तयार असतो म्हणून. एका वर्षी बिस्किटांनी मुलांची एकाग्रता वाढली, पुढच्या वर्षी बाटलीतल्या सरबतानं दात बळकट झाले. सरबतानं, दात. दोन्ही वेळा ज्यांचं बिस्किट आणि ज्यांचं सरबत, त्यांनीच अभ्यासाचा खर्च केला होता, आणि दोन्ही वेळा निष्कर्ष परदेशी जाऊन भाषण करून आले. या गृहस्थांनी हयातीत एकाही मुलाला हात लावलेला नाही. मुलांची रांग लागली की ते खोलीच्या दारातूनच मान डोलावतात आणि आत जाऊन हात धुतात.

या वेळी पावडर होती. डब्यावर ढगात डोकं गेलेला मुलगा, आणि मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी, तिच्यात पहिलं नाव साखरेचं. कंपनीकडून जो माणूस यायचा त्याला आम्ही ‘गुळगुळीत’ म्हणायचो. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची त्याला खोड होती. माझ्या खांद्यावर ठेवला तेव्हा मी तो उचलून त्याच्याच खिशापाशी नेऊन सोडला. तेव्हापासून तो माझ्याशी टेबलाच्या पलीकडून बोलायचा.

अभ्यास असा होता. सरकारी शाळांत दुपारच्या जेवणात प्रत्येक मुलाला एक उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध मिळायचं. एका शाळेत ते बंद करून त्याजागी गरम पाण्यात ढवळलेली पावडर सुरू केली. दुसऱ्या शाळेत अंडं-दूध होतं तसं ठेवलं. सहा महिन्यांनी पावडरवाली मुलं जास्त वाढलेली निघाली, तर शालेय आहार अधिकारी बाई सगळ्याच सरकारी शाळांमध्ये पावडर सुरू करणार होत्या. म्हणजे चाळीस हजार मुलांच्या ताटातून अंडं आणि दूध जाणार होतं. त्यांतल्या निम्म्याशिम्म्यांना ते घरी दिसत नाही, हे मला त्यांच्या दंडांवरून कळतं, कारण दंडाचा घेरही मीच मोजते.

सुरुवातीला दोन्ही शाळा दुपारी तीननंतर मोजल्या. कुठे काही खोट नव्हती. सहा महिन्यांनी नवं वेळापत्रक आलं. पावडरच्या शाळेची मुलं सकाळी सातला, कंपनीच्या बसमधून. लवकर उठून दमली असतील म्हणून हॉलमध्ये चाळीस गाद्या ओळीनं अंथरलेल्या. अर्धा तास विश्रांती, मग गादीवरून उठवून थेट माझ्या खांबाला. अंड्याच्या शाळेची मुलं दुपारी साडेचारला, कवायत करून, दप्तरं पाठीवर घेऊन चालत. आणि नव्या फॉर्मवर वेळ लिहायचा रकानाच नव्हता.

मी निष्कर्षांना विचारलं, असं का. ते म्हणाले, शाळांची सोय. मी म्हटलं, मग निदान वेळ तरी लिहू दे. त्यांनी डोळे मिटून मान हलवली, वर्गातल्या ढ पोराकडे बघून हलवतात तशी, आणि फॉर्म सुटसुटीत असावा लागतो म्हणून सांगितलं.

तिथे मी आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि मला वाटलं, मी काय खोटं लिहिते आहे? मुलगा माझ्यासमोर एकशे एकवीस पूर्णांक तीन भरला तर मी तेच लिहिलं. प्रत्येक आकडा खरा होता आणि प्रत्येक पानाखाली माझी सही होती. नंतर तीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली. त्यांना एकही खोटा आकडा रचावा लागला नाही. त्यांचं खोटं माझ्या खऱ्या आकड्यांनी उभं राहिलं.

निकाल लागला. अंड्याच्या शाळेतली मुलं सरासरी सव्वीस मिलिमीटर वाढली, पावडरच्या शाळेतली चौतीस. गुळगुळीतनं कागदावर भागाकार केला आणि ‘तीस टक्के जास्त वाढ’ म्हणून टाळी वाजवली. निष्कर्षांनी पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं. मी त्या वरच्या आठ मिलिमीटरांना चांगली ओळखत होते. ते रोज सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत निघून जातात.

माझा नवरा शिंपी आहे. त्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो काज करत होता. पोट आत ओढून माप देणारी गिऱ्हाइकं त्यानं जन्मभर पाहिली आहेत, त्यामुळे त्याला नवल वाटलं नाही. त्यानं फक्त एवढं विचारलं, की तुझ्या त्या हुशार मंडळींनी हे मुद्दाम केलं की त्यांना खरंच कळलं नाही. मी म्हटलं, गुळगुळीतला पुरतं कळलंय, गाद्या त्यानंच आणल्या. निष्कर्षांनी मात्र स्वतःला कळू दिलेलं नाही. यावर तो खूप हसला. मला हसू आलं नाही.

मग कार्यक्रम ठरला. आहार अधिकारी बाईंसमोर निकाल मांडायचा, भाषणं, फुलं, चहा. गुळगुळीतच्या डोक्यातून कल्पना निघाली, की नुसते आकडे दाखवून मजा नाही, सगळ्यात जास्त वाढलेलं मूल मंचावर आणून सगळ्यांसमक्ष मोजायचं. दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी निवडली. तिचं पूर्ण उंचीचं चित्र छापून हॉलच्या दारात उभं केलं, बाजूला ठळक आकडा, १२४.६. तो आकडा माझाच, तीन आठवड्यांपूर्वी सकाळी साडेसातचा.

बैठकीत मला सांगितलं, मंचावर तुम्ही मोजायचं. मी विचारलं, किती वाजता. गुळगुळीत म्हणाला, बाईसाहेब ऑफिस सुटल्यावर येणार, म्हणजे पाच.

मी खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. एक डॉक्टर, दोन पदव्या घेतलेले सहायक, आणि तो स्वतः, ज्यानं चाळीस गाद्या मोजून आणल्या होत्या. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. कागदावरचा आकडा मुलीच्या अंगाला कायमचा चिकटून राहतो अशी त्यांची समजूत असावी. इतकी वर्षं त्यांनी पोरं कागदावरच पाहिली होती. मी सांगू शकले असते. मी ‘बरं’ म्हटलं.

पुढचे तीन दिवस मी अतिशय आनंदात होते, हे कबूल करते. खांब पुसला, फळीचे स्क्रू घट्ट केले. अधिकारी बाईंसमोर सगळं उघडं पडेल, चाळीस हजार अंडी वाचतील आणि निष्कर्षांचं तोंड बघण्यासारखं होईल, असं चित्र मी मनात इतक्या वेळा रंगवलं की त्या मुलीचा विचारच केला नाही. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ती दिवसभराची शाळा करून आली होती. निष्कर्षांनी पाऊण तास भाषण केलं. अधिकारी बाई पहिल्या रांगेत, मांडीवर फाईल घेऊन बसल्या होत्या. चाळिशीच्या, साध्या, दमलेल्या, कान देऊन ऐकणाऱ्या. मला त्या आवडल्या. मग मुलीला वर बोलावलं. मी तिचे बूट काढले, टाचा टेकवल्या, हनुवटी सरळ केली, फळी टेकवली आणि माइकमध्ये आकडा वाचला.

“एकशे तेवीस पूर्णांक सात.”

आधी कुणाला काही कळलं नाही. मग लोकांनी मागे वळून दारातल्या चित्राकडे पाहिलं. गुळगुळीतनं पुन्हा मोजायची खूण केली. मी पुन्हा मोजलं. एकशे तेवीस पूर्णांक सात. तीन आठवड्यांत मुलगी नऊ मिलिमीटर कमी झाली होती, आणि तीही जगातली सगळ्यात पौष्टिक पावडर पिऊन.

निष्कर्षांच्या कपाळावर घाम आला. ते हसत हसत माइकपाशी आले आणि म्हणाले, आमच्या बाई आता निवृत्तीला आल्या, डोळ्यांचं काय सांगावं. सव्वीस वर्षांत माझ्या कामाबद्दल ते बोललेलं ते पहिलं वाक्य. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फळी हातात घेतली. ती कुठल्या बाजूनं सरकते हे त्यांना माहीत नव्हतं, ती त्यांच्याच अंगठ्यावर आपटली. शेवटी त्यांनी मुलीची हनुवटी धरून तिला असं वर खेचलं की ती बिचारी चवड्यांवर उभी राहिली. “एकशे पंचवीस पूर्णांक एक,” त्यांनी जाहीर केलं आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

“टाचा वर आहेत,” मी म्हटलं. माइक चालू होता.

टाळ्या थांबल्या. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. मी अधिकारी बाईंकडे बघून सांगितलं, की मॅडम, मला अर्धा तास द्या. या मुलीला मी नुसतं झोपवून ठेवते. काही खायला-प्यायला देत नाही. मग पुन्हा मोजते, तुम्ही जवळ उभ्या राहून आकडा वाचा. निष्कर्ष ‘वेळ नाही, वेळ नाही’ करू लागले. पण चहा अजून यायचा होता, आणि बाई म्हणाल्या, हरकत नाही.

मागच्या खोलीत त्याच गाद्या रचून ठेवल्या होत्या. एक आणून मंचावर अंथरली. मुलगी आडवी झाली आणि दीडशे माणसं चहा पीत तिच्याकडे बघत बसली. गुळगुळीत फोन कानाला लावून बाहेर गेला. निष्कर्ष एका पाहुण्याला मोजमापातल्या चुकांविषयी समजावून सांगत होते, अंगठा चोखत. मी गादीशेजारी मांडी घालून बसले.

“मावशी, मी कमी झाले का?” मुलीनं हळूच विचारलं.

मी नाही म्हटलं. सगळेच जण संध्याकाळी कमी होतात, मीसुद्धा, ते डॉक्टरसुद्धा, असं सांगितलं. तिला ते पटलं नसावं. सर रागावतील का, असं तिनं दोनदा विचारलं. मग सांगू लागली, की पावडर गोड असते, पण प्यायल्यावर थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. सगळ्या वर्गालाच लागते. शेवटच्या तासाला बाई सगळ्यांना डोकं टेकून बसायला सांगतात. हे ती तक्रार म्हणून बोलत नव्हती. मला मात्र माझ्या त्या तीन दिवसांच्या आनंदाची शरम वाटली.

अर्धा तास झाला. अधिकारी बाई स्वतः वर आल्या, वाकून टाचा टेकल्या आहेत का ते पाहिलं आणि आकडा स्वतःच मोठ्यानं वाचला. एकशे चोवीस पूर्णांक तीन.

“अर्ध्या तासात सहा मिलिमीटर,” मी म्हटलं. “पावडर न पिता. रात्रभर झोपली तर बाकीचेही येतील. एक शाळा सकाळी झोपवून मोजली आणि दुसरी संध्याकाळी कवायतीनंतर. तुमच्या अहवालात जी वाढ आहे ती गादीची आहे.”

कुणीतरी मागच्या रांगेत फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी, मग अर्धा हॉल. मला वाटलं, झालं, जिंकलो. पण ते हसणं संतापलेल्या माणसांचं नव्हतं. चहाबरोबर एक गंमत बघायला मिळाली म्हणून ती माणसं हसत होती. निष्कर्षांनी तो वारा बरोबर ओळखला. तेही हसले, विज्ञानात अशा गमती होतच असतात म्हणाले, माझ्या अनुभवाचं कौतुक केलं आणि बाईंच्या हातात फुलं दिली. फोटो निघाले. मुलीला पावडरचा मोठा डबा भेट मिळाला. तो तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला.

मी अधिकारी बाईंना व्हरांड्यात गाठलं. त्यांनीच आधी हात पुढे केला. म्हणाल्या, ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत. मी म्हटलं, मग हा प्रकार थांबवा.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “माझी सही सोमवारीच झाली आहे. आजचा फक्त कार्यक्रम होता.”

“मग रद्द करा.”

“रद्द करायला कारण लागतं.”

“आत्ता तुम्ही स्वतः वाचलात तो आकडा?”

“तो मी वाचला. फाईलमध्ये तो नाही ना, ताई.”

हे त्या अगदी मनापासून, दिलगिरीनं बोलल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. निष्कर्षांचा मला जन्मभर तिटकारा आला, पण त्या क्षणी या बाईंचा जितका आला तितका कधी आला नव्हता. निष्कर्षांना निदान पोरं दिसत नाहीत. हिला सगळं दिसत होतं.

मी तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला आणि लिहून काढलं. मुलीची तिन्ही मापं, तारीख, प्रत्येक मापाची वेळ, दोन्ही शाळा कधी कशा मोजल्या ते, गाद्यांसकट. खाली पूर्ण सही केली, हुद्दा लिहिला. माझी निवृत्ती आता कशी होणार ते मला सही करतानाच कळलं होतं. कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, आता आहे. आता घाला फाईलमध्ये.

बाईंनी तो पूर्ण वाचला. एक ओळ त्यांनी दोनदा वाचली, मी बघत होते. मग मान हलवून ‘नक्की’ म्हणाल्या. फाईल त्यांच्या काखेतच होती. कागदाची त्यांनी नीट चौपदरी घडी केली, पर्स उघडली, आत रुमालाशेजारी ठेवली आणि चेन लावली.

पहिल्या तारखेपासून सगळ्या शाळांत अंडी बंद झाली.